हे बार्नेकल आपलंच की बाहेरचं?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी समुद्री जीव घेतला तेव्हा खानापुरात मामी म्हणाली, "आपल्याकडं समुद्र कुठं आहे गं?" अणशी घाट उतरून कारवार गाठलं की आहे की!

काळी नदीच्या मुखाजवळ धक्क्याच्या खांबांवर पांढऱ्या कवचाची, जांभळ्या उभ्या रेघांची बार्नेकल्स, म्हणजे एका जागी घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचवाले समुद्री जीव, खच्चून बसलेली असतात. रेघांची आडवी-उभी जाळी दिसली तर ती वेगळी जात. खात्रीसाठी तोंडावरच्या झाकणाच्या चार चकत्या सुईनं सोडवायच्या, ब्लीचमध्ये साफ करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार बघायचा. जात निघाली अँफिबॅलॅनस अँफिट्रिटे. ती इथली की आलेली, हे ठरवणं मात्र फार जड गेलं.

सरांनी पहिल्यांदाच बजावलं होतं, "जुनी नोंद सापडली म्हणून देशी म्हणायचं नाही." डार्विननं या जातीचं वर्णन केलं १८५४ मध्ये. वास्को द गामा मलबारला पोचला १४९८ मध्ये, कारवारला इंग्रजांची वखार पडली १६३८ मध्ये, आणि अरबी गलबतं तर त्याच्याही आधीपासूनची. म्हणजे कुणी नोंद करायच्या कितीतरी आधीपासून लाकडी बुडांना चिकटून जीव किनारे बदलत होते. हे लक्षात आल्यावर जुन्या याद्या मी फार जपून वाचायला लागले.

जात बाहेरून आलेली आहे का हे ठरवायचे, चॅपमन आणि कार्लटन या संशोधकांचे १९९१ चे निकष घेऊन बसले. अचानक दिसू लागली का? बंदरं आणि जहाजांशीच जोडलेली आहे का? जगभर तुटक-तुटक पसरलीय का? पिल्लं स्वतः वाहत एवढं अंतर कापतील का? एका खारवी मामांनी सांगितलं की त्यांचे आजोबाही होडी वाळूत ओढून बूड खरवडायचे. पण खरवडलेली जात हीच होती, हे कशावरून? धक्क्यावर दाटी होती, म्हणून बाहेरची म्हणावं, तर खाडीतल्या खडकांवर कालवांच्या शिंपल्यांवरही तीच.

कॅरिबियनकडून आलेला, १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडलेला मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला असता, तर उत्तर सरळ होतं. इथं दोन्ही बाजूंचे पुरावे अपुरे पडले. अशा जातींसाठी कार्लटननं १९९६ मध्ये 'क्रिप्टोजेनिक', म्हणजे देशी की बाहेरची हे ठरवता येत नाही, असा तिसरा गट सुचवला. मी तोच लिहिला आणि का लिहिला ते निकषवार मांडलं. खडकावरचे आणि धक्क्यावरचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत अल्कोहोलमध्ये ठेवलेत, जागा, तारीख, पाण्याचा खारटपणा लिहून. पुढं कुणी डीएनए तपासेल त्याला ते लागतील.