मेसिएची यादी संपल्यावर

फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिए याच्या यादीतल्या, आकाशात धूसर दिसणाऱ्या तारकागुच्छ, तेजोमेघ अशा ११० वस्तू पाहून खुणा करायच्या, एवढ्यासाठीच ती निरीक्षणवही होती. यादी संपली, तरी सवयीनं तेच तारकागुच्छ पुन्हा लिहीत राहिले. गंमत म्हणजे मेसिएला हवे होते धूमकेतू. हे धूसर ठिपके धूमकेतूंसारखे दिसून फसवतात म्हणून त्यानं ४५ नोंदींची पहिली यादी १७७४ मध्ये छापली!

आता मला रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांनी धरलंय. वृषपर्वा (सेफियस) तारकासमूहातला डेल्टा हा तारा ५.३७ दिवसांत उजळून मंदावतो, तोही नुसत्या डोळ्यांना कळेल इतका. शेजारच्या झीटा आणि एप्सिलॉन या ताऱ्यांशी ताडून त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ठरवायची. जुन्या वहीत त्यासाठी रकानेच नाहीत, म्हणून नवी आखली: तारीख, वेळ, तुलनेचे तारे, प्रत. ‘काय सुंदर दिसला!’ लिहायला जागा नाही, हे मात्र खटकतंय.