चिंक्वे तेर्रेचे गडगे
बडोद्याहून निघताना चिंक्वे तेर्रेविषयी, म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील पाच गावांविषयी, माझ्या मनात जे चित्र होते ते केवळ रंगांचे होते: गुलाबी, पिवळी, गेरूच्या रंगाची, एकमेकींच्या खांद्यावर उभी असल्यासारखी घरे आणि खाली निळा समुद्र. सप्टेंबरअखेर प्रत्यक्ष गेलो तेव्हा हे सारे तसेच दिसले. परंतु लक्षात राहिले ते वेगळेच.

ला स्पेझियाहून सुटणारी लोकल रिओमाज्जोरे, मानारोला, कॉर्निलिया, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही पाचही गावे घेते. दोन गावांमधील प्रवास काही मिनिटांचा आणि तोही बराचसा बोगद्यातून असल्यामुळे समुद्र दिसतो न दिसतो तोच पुन्हा अंधार होतो. कॉर्निलिया मात्र सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर वसलेले असल्याने स्टेशनवर उतरलेल्या माणसाला गावाऐवजी पावणेचारशेहून अधिक पायऱ्या भेटतात. पावागडला रोपवे असूनही पायऱ्यांचाच आग्रह धरणारे आमचे यजमान येथे बसची चौकशी करू लागले!

मी चढले, आणि त्या चढणीवर दम घेण्यासाठी थांबता थांबता डोंगर नीट पाहिला. चुना किंवा सिमेंट न वापरता, नुसता दगडावर दगड रचून घातलेल्या बांधांनी त्याच्या पायऱ्या केलेल्या होत्या आणि त्यांवर द्राक्षांचे वेल होते. राजापूरकडे, माझ्या आजोळी, अशा भिंतीला गडगा म्हणतात. १९९७ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा मानले ते शतकानुशतके माणसांनी घडवलेल्या या भूदृश्यासाठी. शेती सुटली की गडगे ढासळतात आणि त्यांनी धरून ठेवलेली माती पावसाबरोबर खाली येते. २५ ऑक्टोबर २०११ रोजीच्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलाने व दगडांनी भरून गेली. वेर्नात्साच्या मुख्य रस्त्याखालून एक झाकलेला ओढा वाहतो, हे कळल्यावर तेथून चालताना मला ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात पूर आणणारी विश्वामित्री नदी आठवत राहिली. समुद्रकाठच्या गावात पूर आला तो डोंगराकडून, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला.

खाण्याचे सांगायचे तर तेथे फारिनाता मिळते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल यांचे पातळ मिश्रण तांब्याच्या मोठ्या पसरट परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मध्यभाग मऊ. दांडिया बाजारातल्या आमच्या घरचे बेसनाचे धिरडे आणि शेजारच्या गुजराती घरातला पुडला यांची ती सख्खी बहीणच. फक्त हिरवी मिरची व हळद नसल्यामुळे जरा अबोल.

शेवटच्या दिवशी मानारोलाच्या समोरील वाटेवर घरांचे फोटो काढणाऱ्यांची दाटी झाली होती. आम्ही पाठ फिरवून वर पाहत होतो, कारण गडग्यांमधून एकेरी रुळावर चालणारी एक चिमुकली गाडी द्राक्षांची खोकी घेऊन खडखडत उतरत होती, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाचे समुद्राकडे लक्षही नव्हते.