बीकन, बर्फ आणि 'कागदपत्रे अपुरी'

गुलमर्गचा हिमस्खलन-सुरक्षेचा सहा दिवसांचा कोर्स उत्तम झाला. प्रवास, राहणं, जेवण, कशातच खोट काढायला जागा नाही. लिहायचंय ते बीकनबद्दल, कारण तो विषय अजून डोक्यातून जात नाही.

बीकन म्हणजे छातीवर बांधायची, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी डबी. ती ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल सोडते. तुम्ही बर्फात गाडले गेलात की सोबती आपापल्या डब्या 'शोध'वर टाकून तुमच्यापर्यंत येतात. पन्नासेक मीटरपलीकडे तिचा कुणाला पत्ताही लागत नाही.

भाड्याची नको, स्वतःची हवी, ही माझी हौस. म्युनिकच्या मावसभावानं ती डिसेंबरात पाठवली आणि फॉर्मवर जर्मन काटेकोरपणे 'रेडिओ ट्रान्सीव्हर' असं लिहिलं. पार्सल मुंबईत आलं आणि तिथेच कस्टम्समध्ये बसलं. ट्रॅकिंगवर एकच ओळ : 'कागदपत्रे अपुरी'. कुठली, ते नाही. आधार दिलं, पॅन दिलं, बिल दिलं. पुन्हा तीच ओळ. चौथ्या फोनला कळलं की वस्तू वायरलेस आहे, म्हणून अडवलीय. शेवटी रजा टाकून पहाटेच्या गाडीनं मुंबई गाठली.

"वॉकीटॉकी आहे का?"

"नाही हो साहेब, यावरून बोलता येत नाही. बर्फात गाडलेला माणूस शोधायला असतं."

"पुण्यात बर्फ पडतो?"

रांगेतले दोघं हसले. मीही हसलो, अडला हरी! मग माहितीपत्रक जर्मनमध्ये आहे, इंग्रजीतलं आणा. आणलं. मग मॉडेलची मंजुरी कंपनीकडून आणा. कंपनीचं उत्तर : आमचा भारतात विक्रेताच नाही. ते उत्तर छापून नेलं तर साहेब ट्रेनिंगला, सोमवारी या. नियम असेल, मान्य. पण तो पहिल्याच दिवशी सांगितला असता तर माझ्या दोन रजा वाचल्या असत्या. सव्विसाव्या दिवशी 'पार्सल परत पाठवा' या अर्जावर सही केली. तीही दोन प्रतींत.

तेव्हा परदेशातून मागवायच्या आधीच परवान्याचं विचारून घ्या. बीकन गुलमर्गमध्ये भाड्यानं मिळतो. माझ्या हातात आलेल्या बीकनची बॅटरी ३८ टक्के होती. दुकानदार म्हणाला, "चलेगा." अजिबात नाही चालणार. कोऱ्या अल्कलाइन बॅटऱ्या स्वतः घेऊन जा, रिचार्जेबल नकोत, त्यांचा आकडा फसवतो. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची लांब काठी, दुकानातच एकदा पूर्ण उघडून बघा. फावडं धातूचंच घ्या.

पहिल्या सरावात गाइडनं पुरलेली बॅग शोधायला मला नऊ मिनिटं लागली. आकडे भरकटत होते, कारण जॅकेटच्या खिशात मोबाइल चालू! शोधताना तो बंद करा, निदान अर्धा मीटर लांब ठेवा. पुढच्या वेळी साडेतीन मिनिटं, त्याचा मला अजून अभिमान आहे. पण ते फक्त शोधणं झालं. खरा वेळ खणण्यात जातो. प्रोब लागला की तो तसाच रोवून ठेवायचा आणि उताराच्या खालच्या बाजूनं आत शिरायचं. पूर्ण गाडलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : डबी ही शेवटची गोष्ट. तिसऱ्या दिवशी रात्रभर बर्फ पडून वारा सुटला होता. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचून गाइडनं अफरवट डोंगराच्या वरच्या टप्प्यावर नेलंच नाही. मी कुरकुरलो. त्यानं एका सपाटीवर थोडं चालवलं आणि पायाखाली 'धप्प' झालं, आतला कमकुवत थर बसल्याचा आवाज. "हेच तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर झालं तर?" १ फेब्रुवारी २०२३ ला याच डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअरचा जीव गेला. मी मुकाट्यानं खाली उतरलो.

त्या संध्याकाळी खोलीवर फोन चालू केला तर मेसेज : 'आपले पार्सल परत पाठवण्यासाठी कागदपत्रे अपुरी.'