कंसातली नावं

मी अकरावी आर्ट्सच्या वर्गाला सांगितलं होतं, घरातला सगळ्यात जुना कागद घेऊन या. बहुतेकांनी रेशन कार्डं आणली, एकाने आजोबांचा गिरणीचा पास. मागून दुसऱ्या बाकावरच्या मुलीने साडीच्या पिशवीतून घड्या घालून घालून फाटायला आलेला सातबारा काढला. हाताने लिहिलेला, निळ्या शाईचा, घणसोलीकडच्या भातशेतीचा.

"मॅडम, ह्या दोन नावांना कंस का केलाय?"

सातबाऱ्यावर कंस म्हणजे नाव कमी झालं. शेजारी फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर असतो, ती नोंद सांगते का कमी झालं ते. मी म्हटलं, घरी सांगून त्या नंबराची नक्कल काढून आण. वर्गातल्या दोघांनी तेवढ्यात मोबाइलला विचारलंसुद्धा. मोबाइलने हक्कसोड, म्हणजे वारसाने आपला वाटा सोडणं, काय असतं ते चोख सांगितलं, माझ्यापेक्षा नीटच.

मी रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येते. ऐरोली, रबाळे, घणसोली, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची भातशेती आणि खाजणं त्या काचांखाली आहेत. नवी मुंबईसाठी गावांची जमीन घ्यायचं ठरलं ते १९७० मध्ये; गावं आधी ८६, पुढे ९५ झाली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या, जमीन गेलेल्यांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, हे इथल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. चौकाचौकात फलक असतात. पण कागदावर कोणाचं नाव राहिलं नि कोणाचं गेलं, याचा फलक कुठे लागत नाही.

दहा-बारा दिवसांनी ती नक्कल घेऊन आली. फेरफार १९७३ चा. खातेदार मयत, वारस दोन मुलगे आणि दोन मुली. मुलींनी 'स्वखुशीने' हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब नावे कमी केली. सोबत जबाबाची झेरॉक्स. खाली दोन काळे डाग आणि पुढे लिहिलेलं, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'.

तो अख्खा तास आम्ही 'स्वखुशीने' या एका शब्दावर घालवला. पोर्शन राहिला, राहू दे. कोणी लिहिला हा शब्द? तलाठ्याने. जिचा अंगठा आहे तिला तो वाचता येत होता का? नाही. मग तिचा कसा म्हणायचा? एक मुलगा म्हणाला, पण खरंच खुशीने दिलं असेल तर? बरोबर आहे, तेही असू शकतं. माहेर तुटू नये म्हणून बाई खुशीने खूप काही सोडते. मी फळ्यावर नुसती सालं लिहिली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. १९७० ला संपादनाची अधिसूचना. १९७३ ला अंगठा. सातबाऱ्यावर नाव असेल त्याला मोबदला, आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंडही त्यालाच नाहीतर त्याच्या वारसांना. फळ्याकडे बघत वर्ग जरा वेळ गप्प झाला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "तारीख बघ ना तारीख."

एवढंच तर शिकवायचं असतं मला. कागद कोणी लिहिला, कोणासाठी, कधी, आणि त्यात कोण बोलत नाहीये.

आमच्याकडे यंदा आर्ट्सची एक तुकडी बंद झाली. ॲडमिशनला आलेले पालक विचारतात, "स्कोप काय मॅडम?" स्टाफरूममधले लोक लगेच यूपीएससीचं नाव घेतात, म्हणजे आर्ट्सची अब्रू वाचते. मला ते उत्तर कधी जमलं नाही. साठातल्या एखाद्याला जमेल ते. उरलेल्या एकोणसाठांना मी काय शिकवते आहे मग? ही मुलं उद्या बँकेत, गोदामात, इस्टेट एजंटच्या टेबलाशी बसतील. 'राजीखुशीने' लिहिलेल्या कागदांवर सह्या करतील, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेतील.

(नोकरीचं दुखणं खरं आहे, ते मी झटकत नाही. माझीच मुलगी कॉमर्सला आहे.)

ती मुलगी घरी जाऊन आजीशी बोलली. आजी एवढंच म्हणाली, "आमाला कोन इचारतं?" आणि भांडी घासायला लागली.

मग परवा तिचे वडील कॉलेजात आले. मी मनाशी म्हटलं, आता वाजणार. आलेही तसेच. घरचे कागद वर्गात कशाला काढता मॅडम, आत्यांची पोरं ऐकतील, उद्या दावा लावतील, जबाबदार कोण? चूक माझी होती. नावं झाकून झेरॉक्स आणायला सांगायला हवं होतं, तेही वडिलांना विचारून. तसं मी म्हटलं आणि माफी मागितली. चहा मागवला. (हे लिहायला दोघांनाही विचारलं आहे, म्हणून गावाच्या नावापलीकडे काही लिहिलेलं नाही.)

चहा निवेपर्यंत ते त्या झेरॉक्सकडेच बघत होते. मग चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला.

"धाकटी आत्या मला आठवते. उरणला दिलेली, होळीला यायची. ही दुसरी... हिचं नावच कधी ऐकलं नाही घरात." जरा थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, यातला तिचा अंगठा कुठला?"