तीस दिवसांच्या आत द्यायचं पत्र

गाडीमालक वारल्यावर घरचे लोक कागद घेऊन येतात तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, वारले कधी, तारीख सांगा. काही जणांना राग येतो, माणूस गेलाय आणि ह्याला तारीख पडलीय. पण परमिटच्या गाडीचं पुढचं सगळं त्या तारखेवर ठरतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८२. परमिटधारक वारला तर गाडीचा ताबा ज्याच्याकडं आला त्याला तीन महिने तेच परमिट स्वतःचं असल्यासारखं वापरता येतं, पण कधी, तर मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत परमिट देणाऱ्या ऑफिसला कळवलं असेल की धारक वारलाय आणि मी हे परमिट वापरणार आहे. कळवलं नाही तर गाडी विनापरमिट. साधं एका पानाचं पत्र आहे ते. आणि आपल्याकडं रक्षाविसर्जन, मग उत्तरकार्य, मग भेटायला येणारे पाहुणे, ह्यात महिना कसा निघून जातो कळतसुद्धा नाही.

मी कोल्हापुरात हीच कामं करतो, परमिट, पासिंग म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, नावावर करणं, नॅशनल परमिटचं ऑथरायझेशन म्हणजे राज्याबाहेर जायची मंजुरी. ह्या लाईनीत नसलेल्यांना वाटतं गाडीचं आरसी बुक म्हणजे सगळं आलं. तसं नाही, आरसी सांगतं गाडी कुणाची, परमिट सांगतं ती भाड्यानं कशाला आणि कुठवर पळवायची. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालगाडीला परमिट लागतच नाही, म्हणून छोटा हत्ती बिनपरमिट फिरतो ते कायद्यानंच. त्याच्या वर गेलं की लागतं. आणि राज्याबाहेर जायचं तर राज्याचं परमिट पाच वर्षांचं आणि त्यावर दरवर्षी नॅशनलचं ऑथरायझेशन, त्याची वर्षाची एकत्रित फी १६,५००. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दहा-दहा वर्षं ट्रक चालवणाऱ्यांनाही माहीत नसतं, ऑथरायझेशन भरलं की परमिट चालू आहे असंच धरून चालतात. परमिट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतं ते वडाप, म्हणजे सीट भरून पळणारी खाजगी वाहतूक, आणि पोलिसांनी धरलेली जीप, बस्स.

तर ही केस गेल्या गुळाच्या हंगामातली. दहा टायरी ट्रक, करवीर तालुक्यातलं घर, मार्केट यार्डातनं गूळ भरून गुजरातला जायचं आणि येताना मोरबीच्या फरश्या घेऊन यायचं. मालक स्वतःच ड्रायव्हर. दिवाळीच्या आधी जाताना छातीत दुखायला लागलं, वापीला दवाखान्यात नेलं, तिथंच गेला. माझ्याकडं आले तेव्हा तीस दिवस भरायला अगदी थोडे दिवस राहिलेले. वैनी, त्यांचा एकोणीस वर्षांचा पोरगा आणि मयताचा धाकटा भाऊ, म्हणजे वैनींचे दीर.

दिरानं बसल्या बसल्या दोन गोष्टी माझ्या टेबलावर ठेवल्या. एक, भावाच्या सह्या असलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बाकी सगळे रकाने कोरे. दुसरी, भावाचा मोबाइल, चार्ज केलेला, सिम चालू.

म्हणाला, "ह्याच्यावर ओटीपी येतोय. माझ्या नावावर करून टाका, दोन दिवसांचं काम हाय. वैनीस्नी कुठं हेलपाटं मारायला लावायचं."

आमच्या लाईनीतली एक वाईट सवय इथं सांगतोच. गाडी घेताना, हायपोथिकेशन म्हणजे आरसीवर कर्जाचा बोजा चढवताना, कशाच्या तरी निमित्तानं मालकाकडनं २९-३० वर सह्या घेऊन ठेवतात, पुढं कामाला येतील म्हणून. २९ म्हणजे विकणाऱ्यानं द्यायची सूचना, ३० म्हणजे नावावर करायचा अर्ज. सही खरी असते, तारीख मागनं पडते. आता सगळं ऑनलाइन झालं, पण ओटीपी जातो तो रेकॉर्डवरच्या मोबाइलवर, आणि मोबाइल कुणाच्या हातात आहे हे कॉम्प्युटरला काय कळणार. मेलेला माणूस अशा रीतीनं गाडी विकून जातो. त्यांना आधी आमच्यातल्याच एकानं हेच करून देतो म्हणून पैसेसुद्धा सांगितले होते. असली कामं करणाऱ्यांची मला चीड येते, आणि ती मी लपवत नाही.

दिराला मी सांगितलं, मालक वारल्यावर फॉर्म ३१ लागतो, २९-३० नाही. उद्या गाडीनं कुणाला उडवलं तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा दवाखान्याचा कागद काढणार आणि तुमच्या विक्रीची तारीख त्याच्याशेजारी ठेवणार. पॉलिसी मालक वारल्यावर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर जिवंत राहते, त्यामुळं तेवढ्यात धडपणानं करता येतं, पण खोटा व्यवहार दाखवला तर ती सवलत कुठल्या तोंडानं मागणार? आणि परमिटच नाही असं ठरलं तर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगूनच टाकलंय की तो साधा दोष नव्हे, मूळ अटीचाच भंग आहे, इन्शुरन्स कंपनीनं जखमींना पैसे द्यायचे आणि मग मालकाकडनं वसूल करायचे. मालक म्हणजे कोण, तर तुम्ही. शेतीवर बोजा येईल. रस्त्यावर धरलं तर कलम १९२अ खाली दहा हजार दंड, ते तर वेगळंच.

तो काही खवळला नाही, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात ही केस अजून बसलीय. शांतपणे म्हणाला, "ट्रक घेताना निम्मं पैसं माझ्या उसाच्या बिलाचं घातल्यात. एक खेप तो, एक खेप मी, असं आमी दोघांनी चालवलाय. ते कुठं लिवलंय का तुमच्या कायद्यात?"

मी वैनींच्याकडं बघितलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. "व्हय, घातल्यात पैसं," एवढंच म्हणाल्या, आणि मग मला विचारलं, "दादा, गाडी उभी करावी लागंल का? हप्ता हाय."

बाकी सगळं राहू दे, उत्तर द्यायचं होतं ह्या प्रश्नाचं. उत्तर होतं, नाही, उभी करायला लागत नाही, आज पत्र दिलं तर.

आता पत्र कुणाच्या नावानं? कायदा म्हणतो ताबा ज्याच्याकडं आला तो. दीर म्हणतो चावी माझ्याकडं आहे, गाडी माझ्या दारात उभी आहे, ताबा माझाच की. बोलायला बरोबर आहे. पण तो ताबा वारसाहक्कानं आलेला पाहिजे, आणि हिंदू वारसा कायद्यानं पहिल्या वर्गात येतात बायको, पोरं आणि आई. भाऊ येत नाही. मी पत्र वैनींच्या नावानं लिहिलं. गाडी नंबर, चेसिस नंबर, परमिट नंबर आणि त्याची मुदत (ही तारीख घालायलाच लागते, कारण परमिटची स्वतःची मुदत संपली तर तीन महिन्यांचा काही उपयोग नाही), ऑथरायझेशनची मुदत, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, वारसांची नावं, आणि स्पष्ट वाक्य की सदर परमिट वापरण्याचा माझा इरादा आहे. लोक फक्त "पती मयत झाले, कळावे" असं लिहितात, आणि इरादा लिहायचा राहतो. कायद्यानं दोन्ही मागितलंय. त्याच कागदावर नोंदणीसाठीचीही सूचना घातली, कारण आरसीचा नियम ५६ पण असाच आहे, तीस दिवसांत कळवा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्या. दोन प्रती, एक द्यायची, एकावर आवक शिक्का घ्यायचा.

मृत्यूचा दाखला नव्हता. माणूस वापीत गेला म्हणजे नोंद तिथं, दाखला तिथनं मिळणार, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. पोरगा जाऊन आला तर कुठलं तरी नाव चुकलेलं, परत दुरुस्तीला टाकलेलं. दवाखान्याचा कागद जोडला आणि आरटीओ ऑफिसात गेलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, सिस्टीममध्ये असं काही ऑप्शनच नाही, दाखला आला की फॉर्म ३१ ला या. त्याचं एका अर्थानं खरंच होतं, नाहीच ऑप्शन. कायद्यात तीस दिवस आहेत आणि कॉम्प्युटरमध्ये त्याला जागा नाही, मग हे पत्र कुठं राहतं तर गठ्ठ्यात. मी कलम मोबाइलवर काढून वाचायला दिलं, त्यानं दोनदा वाचलं, साहेबांच्याकडं आत जाऊन आला आणि शिक्का मारला. वैनींना ती प्रत दिली आणि सांगितलं लॅमिनेशन करू नका, शिक्का ओरिजिनल दिसला पाहिजे, आरसीच्या बरोबर गाडीत ठेवा.

पोरगा म्हणत होता मीच चालवतो. एकोणीस वर्षांच्या पोराला ट्रान्सपोर्टचं लायसन मिळत नाही, वीस पूर्ण लागतात. तेव्हा गाडी घेऊन पहिल्या खेपेला गेला तो दीरच. वैनींच्या नावाचं पत्र खिशात घालून.

गुजरातच्या अलीकडं गाडी धरली. मशिनवर नंबर टाकला की मालकाचं नाव येतं, मालक कुठाय विचारलं, हा म्हणाला वारला, मग परमिट कुणाचं, मग सगळे कागद खाली. रात्री मला फोन. मी त्याला म्हटलं, शिक्क्याचं पत्र दाखव आणि फोन साहेबांना दे. त्यांनी ऐकून घेतलं, पत्राचा फोटो काढला आणि गाडी सोडली. दहा टन गूळ वेळेवर पोचला. ह्या एका गोष्टीचा मला अभिमान आहे, कारण पाच रुपयांच्या कागदानं एक हप्ता वाचला, आणि हा कागद असतो हे ज्यांनी लोकांना सांगायला पाहिजे ते सांगत नाहीत.

मग दाखला आला आणि फॉर्म ३१ चं काम सुरू झालं. प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची संमती, फायनान्सचं संमतीपत्र. पोरगी बारावीत, अठरा पूर्ण नाहीत, तिच्यातर्फे आईच. आणि सासू. सासूची संमती लागते हे सांगितलं तेव्हा वैनींचा चेहरा उतरला, कारण म्हातारी राहते धाकट्याकडं. मला वाटलं काम इथं अडकणार. म्हातारीला आणलं कुणी तर त्या दिरानंच, मोटरसायकलवर मागं बसवून. शाईच्या पॅडवर अंगठा ठेवताना तिचा हात एवढा थरथरत होता की पहिला ठसा पसरला, मी दुसरा कागद घेतला. ती मला म्हणाली, "धाकल्याचं काय?" मी काय सांगणार. म्हटलं, आजी, हे नुसतं ऑफिसचं आहे, घरचं तुम्ही घरात बघायचं. तिनं अंगठा दिला. दीर दारात उभा होता, त्यानं ऐकलं.

तीन महिन्यांच्या आत गाडी आणि परमिट दोन्ही वैनींच्या नावावर झालं. तीन महिने उलटले असते तरी सबळ कारण दाखवून परमिट ट्रान्सफरचा अर्ज घेता येतो, पण मधल्या काळात गाडी उभी, आणि उभ्या गाडीला हप्ता थांबत नाही.

फायनान्सची फाईल हातात आली तेव्हा मला दिसलं ते हे, की कर्जाला जामीनदार म्हणून दिराची सही आहे. अख्ख्या व्यवहारात त्या माणसाचं नाव कागदावर आहे ते एवढ्या एकाच ठिकाणी. उसाच्या बिलाचे पैसे कुठं नाहीत, निम्म्या खेपा कुठं नाहीत, पण हप्ता थकला तर नोटीस त्याला. मी हे वैनींना बोलून दाखवलं. म्हटलं, एक तर त्यांच्याशी बसून पैशाचं काय ते लिहून काढा, साधं का होईना, दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर फायनान्सला सांगून जामीनदार तरी बदला. त्या म्हणाल्या, बघू, ह्यांचं वर्षश्राद्ध होऊ दे.

पुढं खेपांच्या हिशेबावरनं त्यांच्यात बिनसलं. डिझेलचं, टायरचं, कुणी किती घातलं ह्याचं. आता गाडीवर बाहेरचा ड्रायव्हर आहे, आणि दीर शिरोली एमआयडीसीत दुसऱ्याच्या गाडीवर कास्टिंग भरतो.

आमच्या धंद्यातले काही जण म्हणतात, तू उगाच कायदा काढलास, दोन दिवसांत दिराच्या नावावर झाली असती, घर एकत्र राहिलं असतं. मला ते पटत नाही. दिराच्या नावावर एकदा झाली असती आणि मग बिनसलं असतं तर वैनींच्या हातात काय होतं? दोन पोरं आणि कोऱ्या फॉर्मवरची नवऱ्याची सही. आज निदान गाडी आहे. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता हेही मला माहीत आहे, खोटं बोलणारा आईला स्वतः अंगठ्याला घेऊन येत नाही. त्याच्यासाठी माझ्याकडं कुठलाच फॉर्म नव्हता. परमिटला मालक एक लागतो, आणि गावाकडं निम्म्या गाड्या दोन भावांच्या असतात, एकाच्या नावावर. आता नवी गाडी घेणाऱ्याला मी नॉमिनी भरायला सांगतो, २०२१ पासून आरसीवर ती सोय आहे, जुन्या गाडीलाही नंतर घालता येतो. आणि दोन भाऊ आले की आधी विचारतो, पैसे कुणाचे किती, ते लिहिलंय का. दोघंही हसतात. आमच्यात तसलं काही नाही म्हणतात.

परवा वैनी ऑथरायझेशन भरायला आल्या होत्या. पासिंग झालंय, टॅक्स भरलाय, सगळे कागद व्यवस्थित पिशवीत लावून आणलेले. जामीनदाराचं विचारलं. अजून तोच आहे.