आमच्या गच्चीवरचं लायटीचं सोलर

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर कितीतरी वर्षांपासून आहे, त्यामुळे मागच्या वर्षी पॅनल बसवले तेव्हा आईच्या डोक्यात हिशोब एकदम सरळ होता, मे महिन्यात ऊन जास्त म्हणजे वीजही जास्त. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. पण पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरचं अॅप रोज बघायला लागलो आणि लक्षात आलं की फेब्रुवारीत गार वारा सुटलेला असताना दुपारी बाराचा जो आकडा दिसायचा, तो मेच्या रणरणत्या दुपारी काही दिसत नाही.

मग खोलात शिरलो. पाण्याच्या सोलरला उष्णता लागते, लायटीच्या सोलरला लागतो उजेड. आपण दोन्हीला ऊनच म्हणतो ना, तिथेच घोळ होतो. पॅनलमधली प्रत्येक निळी-काळी चकती म्हणजे सिलिकॉनचा पातळ काप, त्याच्या एका बाजूला किंचित फॉस्फरस मिसळलेला आणि दुसऱ्या बाजूला बोरॉन. ह्या दोन बाजू जिथे भेटतात तिथे आपोआप एक विद्युत क्षेत्र तयार होतं. उजेड पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि ते क्षेत्र त्यांना एकाच दिशेला ढकलतं, ती झाली वीज. काही जळत नाही, काही फिरत नाही, आवाज नाही, मला तर हे अजूनही फार भारी वाटतं! अशा एका चकतीचा, म्हणजे सेलचा, दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून कितीतरी सेल एकामागे एक जोडतात. आणि सिलिकॉन तापलं की हा दाब उतरतो. पॅनलवर लिहिलेले वॅट 25 डिग्रीला मोजलेले असतात, त्याच्या वर दर डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट. मेमध्ये पॅनल सहज साठ डिग्रीला जातं, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले.

पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते, इन्व्हर्टर तिची 230 व्होल्टची एसी, म्हणजे घरात वापरतो तशी दिशा बदलत राहणारी करतो, घरात वापरून उरली की नेट मीटरमधून, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, बाहेर लाइनला. आमचं तीन किलोवॅटचं आहे, चांगल्या दिवशी बारा-तेरा युनिट होतात.

आईला एकच गोष्ट पटत नव्हती, लाइट गेली की हे पण बंद कसं पडतं, वर एवढं ऊन असताना? तिला म्हटलं, अगं आपल्याकडे बॅटरी नाहीये, आणि बाहेर पोलवर वायरमन काम करत असेल, आपण इथून लाइनमध्ये वीज सोडली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. त्यावर ती लगेच म्हणाली, मग बंदच पडलेलं बरं बाई.

सावलीचं मात्र तिनेच पकडलं. दोरीवर चादर वाळत होती, तिची सावली एका पॅनलवर आणि आकडा चांगलाच खाली. सेल एका माळेत असतात त्यामुळे एक अडला की बाकीच्यांचाही प्रवाह अडतो, पॅनलमधल्या डायोडमुळे वीज तेवढा भाग टाळून पुढे जाते म्हणून निभावतं, पण नुकसान होतंच. दोरी आता पॅनलच्या उत्तरेला बांधलीये. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, सावली पलीकडे पडते. मेअखेर ते जुलै तो नाशिकच्या डोक्यावरून जरासा उत्तरेला सरकतो, पण तेव्हा दुपारची सावली दोरीच्या जवळपास खालीच राहते, पॅनलपर्यंत पोचत नाही.