तुम्ही विचारलंत म्हणून: आत्मिक आशीर्वाद रोजच्या घरात जपायचे कसे?

घरप्रार्थना संपली, चहा झाला की कुणीतरी हमखास विचारतं: "देवाने आत्मिक आशीर्वाद दिलेत हे दर रविवारी ऐकतो. पण सोमवार उजाडला की डबे, ट्यूशन, बुटीबोरीची बस. त्यात हे सगळं जपायचं कसं?"

माझं उत्तर एकच असतं: त्या आशीर्वादांची नावं घ्या. एकेकाचं, ठरलेल्या वेळी, मोठ्याने.

देवाने काय केलं हे सभेत उभं राहून सांगतो, त्या आपल्या साक्षी आठवून पाहा. प्लॉट झाला, मुलीला नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी लागली, बायपास सुखरूप पार पडली. हे सगळं देवाकडूनच येतं आणि त्याची उपकारस्तुती व्हायलाच हवी. पण "माझ्या पापांची क्षमा झाली म्हणून धन्यवाद" असं उभं राहून कुणी म्हटल्याचं शेवटचं कधी ऐकलं? ज्याचं नाव निघत नाही ते हळूहळू हिशेबातून जातं. मग नोकरी सुटली की देवानेच पाठ फिरवली असं वाटायला लागतं. काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांना फळगळ समजावून सांगावी लागत नाही. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याने तसंच वर्ष पाहिलं: अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. तरी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन असं तो म्हणाला. त्याचा हर्ष पिकावर उभा नव्हता.

यादी शोधायला लांब जायला नको. नव्या करारातलं इफिसकरांस पत्र, पहिला अध्याय, वचनं 3 ते 14. मूळ ग्रीकमध्ये ही बारा वचनं मिळून एकच लांबलचक वाक्य आहे. लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बेड्यांत होता, हे त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. सात आशीर्वाद सात दिवसांना वाटून घ्या. सोमवारी निवड (वचन 4), मंगळवारी दत्तकपण (5), बुधवारी मुक्ती आणि क्षमा (7), गुरुवारी देवाच्या इच्छेचं रहस्य (9), शुक्रवारी वतन (11), शनिवारी पवित्र आत्म्याचा शिक्का (13), रविवारी त्या वतनाचा विसार (14). शिक्का आणि विसार एकच धरणारे आहेत. त्यांनी रविवार सहाव्या वचनातल्या कृपेला द्यावा.

सकाळी त्या दिवसाचं वचन दोनदा मोठ्याने वाचायचं. एक मिनिट पुरतं. मे महिन्यात उजाडताच वाचलेलं बरं, कारण एकदा कूलर सुरू झाला की एकमेकांचं ऐकू येत नाही. आणि वाचायचं ते छापील पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून. मोबाइलवर वचन उघडायला गेलं की आधी व्हॉट्सॲप दिसतं, आणि सकाळचं ते मिनिट तिथेच जातं.

रात्री वही. साधी शंभर पानी चालते. तारीख, आजचा आशीर्वाद, आणि तो आज कुठे दिसला, एवढं एका ओळीत. पान असं दिसेल: "बुधवार. क्षमा. जावेशी नाताळपासून अबोला होता, आज फोन केला. गुरुवार. रहस्य. काही सुचलं नाही, वचन उतरवून काढलं. शुक्रवार. वतन. बाबांच्या आजारपणात भीती कमी वाटली."

गुरुवारची ओळ मुद्दाम दिली. कोरडे दिवस येतात, आणि वही बंद पडते ती बहुतेक तेव्हाच. काही जाणवलं नाही म्हणजे काही मिळालं नाही असं माणूस धरून चालतो. पण देवाने निवडलं, मुक्ती दिली, शिक्का मारला, असं पौलाने झालेल्या गोष्टींसारखं लिहिलंय. तुमच्या आजच्या मनःस्थितीने त्यात फरक पडत नाही. म्हणून सुचत नसेल तर वचन स्वतःच्या हाताने उतरवा आणि झोपा. वही बंद पडण्याचं दुसरं कारण म्हणजे पहिल्याच आठवड्यात पानभर लिहिणं. तो उत्साह टिकत नाही. "सगळ्यासाठी धन्यवाद" ही ओळ मात्र लिहूच नये. त्यात एकाही गोष्टीचं नाव नसतं.

घरातली प्रार्थना जेवणाआधी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. जेवणानंतर मुलं पेंगतात. ताटं मांडण्याआधी बारा मिनिटं: गीताची दोन कडवी, पाच ते आठ वचनांचं वाचन, प्रत्येकाचं एक वाक्य, प्रभूची प्रार्थना, आणि शेवटी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून जुन्या करारातल्या गणना 6:24 ते 26 मधला आशीर्वाद. घरातल्या वडीलधाऱ्यांनी इथे उपदेश करू नये. मुलं प्रार्थनेला कंटाळत नाहीत, भाषणाला कंटाळतात. शिफ्ट असणाऱ्या घरांनी रोजचा हट्ट सोडावा आणि आठवड्याचे दोनच दिवस पक्के धरावेत.

आणखी एक गोष्ट सुटते. इफिसच्या त्या वाक्यात "मला" नाही, "आपल्याला" आहे. आशीर्वाद मंडळीला, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून, दिलेले आहेत. म्हणून वहीचं शेवटचं पान माणसांसाठी ठेवा: तुमच्या घरात विश्वास कुणाकडून आला, बाप्तिस्म्याला कोण उभं राहिलं, दुःखात कोण रात्रभर बसलं. कवी ना. वा. टिळकांना नवा करार दिला तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीतल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नागपूरकरांनी त्या पानावर 29 नोव्हेंबर 1970 ही तारीखही घालावी. त्या दिवशी नागपुरातल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली आणि वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एक झाल्या. ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असं इफिसकरांच्या त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, ते या शहरात घडलेलं आहे.

राहिलं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी. तिथे हे सगळे आशीर्वाद हातात येतात, म्हणून त्याची तयारी शनिवारी रात्री व्हावी. रविवारी सकाळी इस्त्री आणि गाडी काढण्याच्या गडबडीत ती होत नाही. आठवड्याच्या सात ओळी सलग वाचा. बुधवारची, म्हणजे क्षमेची, ओळ रिकामी असेल तर तिथेच थांबा. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. समेटाचा फोन रात्री नऊच्या आत करावा, उशिरा केला तर समोरचा घाबरतो. उचलला नाही तर रविवारी उपासनेला पंधरा मिनिटं आधी जावं आणि आवारातच गाठावं.